फटफटी अडखळते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की ठराविक विषय डोळ्यांपुढे येतात. बालसंगोपन, परसबाग, उन्हाळ्यातील पापड-कुरडया, फार तर डोळ्यांची निगा. या वर्षी चिटणीस वहिनींनी मोटारसायकलचा विषय सुचविला तेव्हा कार्यकारिणीत थोडी कुजबुज झाली, असे माझ्या कानावर आले. बायकांनी इंजिनात हात घालून काय करायचे, हा त्या कुजबुजीचा अर्थ. त्यावर मी इतकेच म्हणेन की, ज्या घरात गाडी आहे त्या घरात तिचा खर्च आपल्या हिशेबाच्या वहीत येतोच. ज्या वस्तूपायी आपण पैसे मोजतो, तिचे दुखणे आपल्याला थोडेफार कळायला काय हरकत आहे?

आणि आपल्या पुनावळ्याला हा विषय परका तरी कसा म्हणावा? आकुर्डी इथून काही फार लांब नाही. तेथल्या बजाजच्या कारखान्यातून १९७२ पासून चेतक स्कूटर बाहेर पडू लागली आणि मध्यमवर्गाचे निम्मे संसार तिच्यावर बसून पुढे गेले. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकने लुना आणली. तिच्यावरून शाळेत जाणाऱ्या बाई आपल्यापैकी अनेकींनी पाहिल्या असतील. पुढे चाकणला कारखाना झाला, २००१ साली पल्सर आली. पेट्रोलवरची चेतक बंद झाली आणि २०२० पासून त्याच नावाची विजेवरची स्कूटर रस्त्यावर आली. इंजिनात बायकांचे काय काम, या प्रश्नाचेही उत्तर आपल्याच भागात एकदा देऊन झाले आहे. १९७४ साली टेल्कोने इंजिनिअरांच्या जागांसाठी जाहिरात दिली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना मुलाखतीला पुण्यास बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. त्याच पुढे सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झाल्या.

माझा अधिकार म्हणाल तर एवढाच की, माझे वडील फिटर होते. संध्याकाळी अंगणात शेजाऱ्यांच्या गाड्या उभ्या असत, आणि पाना हातात देण्याचे काम माझ्याकडे असे.

आता मुद्द्याकडे येते. मी बोलणार आहे ती कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांविषयी. बॉक्सर, कॅलिबर, जुनी पल्सर, जुनी स्प्लेंडर, बुलेट या त्यांतल्या. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले आणि नव्या गाड्यांत बहुतेक सर्वत्र कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले. त्या गाड्यांचे दुखणे पुढचा दिवा आणि मेकॅनिकचे यंत्र सांगते. आपल्या जुन्या गाडीचे मात्र कानांनी, डोळ्यांनी आणि थोड्या चौकशीने ओळखावे लागते, आणि ते ओळखता येते.

गाडी उभ्या जागी नुसती चालू असते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण बाराशे फेरे घेते. या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोलचा भडका होतो, म्हणजे मिनिटाला सहाशे, सेकंदाला दहा. त्या दहांतला एखादा चुकला की आवाजात खोट येते. फटफट, फटफट आणि मध्येच गिळल्यासारखे होते. मुले त्याला ‘मिसिंग मारते’ म्हणतात. ज्या बाईला कढईतल्या फोडणीच्या आवाजावरून मोहरी तडतडली की जळाली हे कळते, तिला हे सहज ऐकू येते.

भडका नीट व्हायला चार गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब. ज्यांनी वातीचा किंवा पंपाचा स्टोव्ह वापरला आहे, त्यांना पहिल्या दोन्ही वेगळ्या समजावून द्यायला नकोत. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होई आणि पातेल्याचे बूड काळे. इंजिनातही तोच न्याय. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. हे प्रमाण कोणत्याही बाजूला फार ढळले की इंजिन कुरकुरते. म्हणून गाडी अडखळू लागली की पहिला प्रश्न असा करावा : हिला पेट्रोल जास्त होते आहे की कमी?

याचे उत्तर एकही पाना न लावता मिळते. गाडी चांगली गरम होऊ द्यावी आणि मग चोक थोडा ओढून पाहावा. चोक ओढला की हवा कमी होऊन पेट्रोलचे प्रमाण वाढते. चोकने इंजिन सुधारले, आवाज भरीव झाला, तर ते पेट्रोलला भुकेले होते असे समजावे. चोकने ते जास्तच घुसमटले, काळा धूर आला, तर त्याला आधीच अजीर्ण झालेले आहे. अर्धा मिनिट लागते आणि निम्म्या शंका बाद होतात. मौज अशी की, कधी कधी सकाळी ओढलेला चोक तसाच राहिलेला असतो आणि तेवढ्यावर लोक गॅरेज गाठतात!

दुसरे काम चौकशीचे. गाडी नेमकी केव्हा अडखळते? थंड असताना की तापल्यावर? सिग्नलला उभी असताना की वेग घेताना? पाऊस झाल्यापासून, की रिझर्व्हला लावल्यापासून? वैद्य नाडी पाहण्याआधी विचारतो तसेच हे. चालविणाऱ्याला सर्व ठाऊक असते, पण त्याला कोणी विचारीत नाही.

याचे एक उदाहरण देते. आपल्या मंडळातल्याच एका भगिनी हिंजवडीला डबे पोहोचवितात. नाव सांगत नाही, त्या समोरच बसल्या आहेत आणि हसताहेत. त्यांचा मुलगा बारा-सव्वाबाराला चाळीस डबे घेऊन जुन्या गाडीवर निघतो. गेल्या पावसाळ्यात गाडीला खोड लागली. चार-पाच किलोमीटर गेले की अडखळत अडखळत बंद. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू, पुन्हा चार-पाच किलोमीटर. एका गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलला, मग कॉइल, मग सबंध कार्बोरेटर. चार हजारांवर खर्च झाला आणि गाडी तशीच. शेवटी त्याने सांगितले की आता इंजिनच गेले, भंगारात द्या. दरम्यान डबा उशिरा येतो म्हणून तीन गिऱ्हाईके सुटली. चाळीस डब्यांत तीन म्हणजे काय, हे डबे करणारीलाच विचारावे.

मी मुलाला एकच विचारले, “बाळ, गाडी बंद पडली की पुन्हा किक मारण्याआधी तू काय करतोस?”

तो म्हणाला, “काही नाही मावशी, पेट्रोल आहे ना म्हणून टाकीचे झाकण उघडून पाहतो.”

उत्तर त्यातच होते. टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक वाट असते. पेट्रोल खाली उतरते तितकी हवा वरून आत यायला हवी. आपण तेलाचा पंधरा किलोचा डबा उघडतो तेव्हा एका कोपऱ्याला एक आणि समोरच्या कोपऱ्याला दुसरे भोक पाडतो. दुसरे पाडले नाही तर तेलाची धार गचके खाते आणि थांबते. टाकीचेही तसेच. आईने पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली जाड प्लास्टिकचा तुकडा घट्ट बसविलेला. मायेने केलेले काम, पण हवेची वाट बंद झाली. झाकण उघडले की फुस्स आवाज होऊन हवा आत जाई आणि गाडी पुन्हा चार किलोमीटर धावे. प्लास्टिक काढले, झाकणाचे भोक फुंकून साफ केले, खर्च शून्य. जुना कार्बोरेटर परत मागावा असे मी सुचविले होते, पण तो काही मिळाला नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तापल्यावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर चालू होणे हे खराब कॉइलचेही लक्षण आहे. गॅरेजवाल्याची शंका अगदीच खुळी नव्हती. त्याने तपासायच्या आधी बदलले, एवढेच त्याचे चुकले. दोन्हींतला फरक असा. गाडी बंद पडताक्षणी झाकण उघडावे आणि लगेच सुरू करून पाहावी. लगेच चालली तर दोष हवेच्या वाटेचा. झाकण उघडूनही दहा-पंधरा मिनिटे निवल्याशिवाय चालतच नसेल, तर कॉइलकडे किंवा ठिणगीच्या इतर भागांकडे वळावे.

आता पेट्रोलविषयी, कारण ते पूर्वीचे राहिलेले नाही. २०२२ च्या मध्यापर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले आणि २०२५ मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल मुख्यतः आपल्या उसापासून आणि धान्यापासून होते, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याचे तीन गुण जुन्या गाडीला जाणवतात. एका लिटरमागे ते पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता देते, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते. त्याला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण किंचित भुकेले राहते. तिसरा गुण आपल्या पावसाळ्यात छळतो : ते पाणी ओढून घेते. मिठाच्या बरणीला आषाढात पाणी सुटते ना, तशातला प्रकार. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. रिझर्व्हची नळी घेते ती नेमकी तळातून. म्हणून रिझर्व्हला लावल्याबरोबर गाडी अडखळू लागली तर तळाच्या पाण्याचा किंवा गंजाचा संशय आधी घ्यावा. जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि रबरी वॉशर या मिश्रणासाठी केलेले नव्हते. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांत ते तसे बनवू लागले. तेव्हा जुन्या नळीला चिरा आहेत का, ती बुळबुळीत झाली आहे का, हे बोटाने दाबून पाहावे. नळी स्वस्त असते आणि गळणारी नळी हा आगीला आमंत्रण देणारा प्रकार आहे.

पाणी आहे की नाही हे पाहायला कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक लहान स्क्रू असतो. पेट्रोलचा कॉक बंद करून तो सैल करावा आणि वाटीतले पेट्रोल काचेच्या जुन्या बरणीत घ्यावे. बरणी स्थिर ठेवली की तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसतात. ही बरणी पुन्हा लोणच्याला वापरू नये, हे मी सांगायला नको, पण सांगून ठेवते. आणि हे सर्व उघड्यावर करावे, इंजिन निवल्यावर करावे. घराच्या जोत्यावर, देवापुढची उदबत्ती जळत असताना मुळीच करू नये.

गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल, म्हणजे घरचे गावी जाणार असतील, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. वाटी रिकामी होते, पेट्रोल सुकून जेटमध्ये चिकटा धरत नाही. हा चिकटाच बहुतेक वेळा त्या दुखण्याचे मूळ असतो, ज्यात गाडी वेगात ठीक धावते पण सिग्नलला उभी राहत नाही, मरते. उभ्या जागी इंजिनाला पेट्रोल देणारा जेट निराळा, फार बारीक भोकाचा. त्यात धुळीचा कण अडकला तरी पुरे. पूर्वी आपण स्टोव्हला पिन मारीत होतो तशी इथे मात्र तार मारू नये. जेट पितळेचा असतो, भोक ओरखडले की मोठे होते आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. जेट साफ करायचा तो क्लीनरने आणि हवेच्या झोताने.

चोक ओढल्यावर गाडी सुधारली आणि जेटही साफ आहे, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी किंवा धातूचा जोड पाहावा. तिथे चीर पडली की वरची हवा आत शिरते. इंजिनाचा आवाज आपोआप चढतो-उतरतो. चालू इंजिनवर त्या जोडावर साबणाचे थोडे पाणी सोडावे. आवाज बदलला तर चीर तिथेच. काही मुले हे पेट्रोल शिंपडून पाहतात. तसे करताना कोणी दिसला तर हात धरावा.

उलट चोकने गाडी घुसमटली तर एअर फिल्टर उघडावा. आपल्या पुनावळ्यात आता दर गल्लीला इमारत उठते आहे, डंपर आणि सिमेंटचे मिक्सर दिवसभर धावतात. ओट्यावर सकाळी पुसलेली धूळ दुपारी पुन्हा बसते. तीच धूळ गाडी श्वासाबरोबर ओढते. पुस्तकात दिलेल्या मुदतीवर इथे विसंबू नये, त्याच्या निम्म्यात पाहावे. फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, न पिळता दाबून, सावलीत वाळवून त्याला इंजिन ऑइलचा हलका हात लावायचा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, हलकेच आपटून झटकायचा, आणि काळवंडला असला तर बदलायचा. फिल्टर काढून टाकूनच गाडी चालवणारे महाभाग आहेत. त्यांच्या सिलिंडरला ती धूळ काचकागदासारखी घासते.

आता प्लग. इंजिन थंड असताना प्लगपान्याने तो काढावा आणि टोकाचा रंग पाहावा. प्लग ही इंजिनाची जीभ आहे. फिकट तपकिरी, बिस्किटासारखा रंग असला तर प्रकृती उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन तापते आहे. हे दुखणे काजळीपेक्षा गंभीर, कारण ते गुपचूप पिस्टनपर्यंत जाते. चिकट, चकचकीत काळा असेल तर ऑइल वर चढते आहे. टोकांमधली फट बहुतेक गाड्यांत पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. परत लावताना आधी नुसत्या बोटांनी फिरवावा आणि शेवटी पाना लावावा. इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे असते, आटे एकदा चढले की प्लगच्या दसपट खर्च.

पावसातले अडखळणे निराळे. भुयारी मार्गात पाणी साचले आणि गाडी त्यातून काढली की तास दोन तास ती रडते. दोष बहुधा प्लगच्या टोपीत किंवा तिच्या जाड वायरीत असतो. त्या तडकल्या की ओलाव्यातून ठिणगी वाटेतच पळते. रात्री अंगणातला दिवा मालवून चालू गाडीची वायर लांबूनच पाहावी. निळी किडमिड दिसली तर वायर बदलायची. हात लावू नये, झटका चांगलाच बसतो.

राहिला दाब, आणि तो आपल्या हातचा नाही. पण त्याची खूण ओळखता येते. चावी बंद ठेवून किक हाताने सावकाश दाबावी. एका जागी ती ठासून अडली पाहिजे. लोण्यात सुरी जावी तशी गेली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत किंवा रिंगा झिजल्या आहेत. इथे एक समजूत दूर करायला हवी. टॅपेट टिकटिक वाजू लागले की आपण घाबरतो आणि ‘आवाज बंद करून द्या’ म्हणून सांगतो. मेकॅनिक ते आवळून देतो, आपण खूश. पण प्रमाणाबाहेर आवळलेले टॅपेट इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हला पुरते मिटू देत नाही. दाब निसटतो, व्हॉल्व्ह जळतो, आणि हे सारे अगदी मुकाट्याने होते. थोडे वाजणारे टॅपेट परवडले, मुके नको. ते इंजिन थंड असतानाच, पुस्तकातल्या मापाच्या पातीने लावून घ्यावे.

धुराचेही सांगून टाकते. काळा धूर पेट्रोलचा, निळा ऑइलचा. थंडीत सकाळी सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी. जुन्या यझदी, राजदूत, चेतक या दोन स्ट्रोकच्या गाड्यांत ऑइल पेट्रोलातच घालतात, त्यांना थोडा निळा धूर असायचाच.

गॅरेजमध्ये जाण्याची वेळ येईलच. तेव्हा ‘गाडी नीट चालत नाही, बघा जरा’ असे सांगू नये. त्या वाक्याचे बिल फार मोठे येते. वहीच्या पानावर लिहून न्यावे. गाडी केव्हा अडखळते, चोक ओढल्यावर काय होते, प्लगचा रंग कसा आहे, फिल्टर कधी साफ केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगावी आणि काढलेला जुना भाग पिशवीत घालून परत घ्यावा. चांगला मेकॅनिक असा कागद पाहून खूश होतो, माझ्या वडिलांना तर कोणी असे लिहून आणले की ते आधी चहा सांगत.

चिटणीस वहिनींच्या घरची गाडी बाहेर मांडवाशेजारी उभी आहे, इंजिन आता निवले असेल. प्लगपाना मी आणला आहे. चहापानानंतर ज्यांना प्लगचा रंग पाहायचा असेल त्यांनी तिकडे यावे, आणि पदर खोचून यावे.